जुन्या विमानतळाची जमीन कोणाची?



नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. वृत्तपत्रांतून चर्चा चालली आहे ती या नव्या विमानतळाची. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र जुना विमानतळ हा आहे. एखाद्या महानगरात नवा विमानतळ उभा राहिला म्हणजे जुन्याचे काम बदलते. हा बदल कोण ठरवतो, त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि विमानतळाखालची जमीन शेवटी कोणाच्या खात्यावर जमा होते, हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत आणि तितकेच राजकारणाचेही आहेत. मुंबईच्या बाबतीत ते दुसऱ्यांदा उभे राहत आहेत. पहिल्यांदा ते जुहूच्या बाबतीत उभे राहिले होते, आणि तेव्हा ते विचारण्याचे कोणाला सुचले नाही.

जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. देशातील नागरी विमानवाहतुकीचा पहिला विमानतळ म्हणून त्याचा उल्लेख होतो. परंतु विमानतळ हा शब्द ऐकून आज जे चित्र डोळ्यांपुढे येते त्यातले तेथे काहीच नव्हते. समुद्रकाठची खारट, चिखलट सपाटी एवढेच त्याचे स्वरूप. त्याच साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे हौशी वैमानिक तेथे विमान चालविण्याचे शिक्षण घेत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे पस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमानात प्रवासी नव्हते, टपाल होते. लंडनहून इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेले ते टपाल पुढे नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय विमानवाहतुकीच्या उद्योगाचा हा प्रारंभ साहसी उद्योजकतेची कथा म्हणून नेहमी सांगितला जातो. ते साहस खरेच होते. परंतु या धंद्याचा पहिला आधार टपाल होते, आणि टपाल हे सरकारी खाते होते, ही गोष्ट त्या कथेत बहुधा गळून जाते.

पावसाळ्यात जुहूची सपाटी भरतीच्या पाण्याखाली जाई. मग टाटांचे सारे बिऱ्हाड, विमाने, वैमानिक आणि मेकॅनिक यांसह, पुण्याला हलत असे. तेथे त्यांना उतरण्यासाठी मिळालेले मैदान येरवड्याच्या तुरुंगालगत होते. याच तुरुंगात सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींचे उपोषण होऊन पुणे करार झाला. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी टपालाचे पहिले विमान जुहूला उतरले. पाठ्यपुस्तकांत या दोन घटना एका पानावर कधी येत नाहीत.

जुहूचे महत्त्व गेले ते दुसऱ्या महायुद्धामुळे. युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाने सांताक्रूझला आपला तळ उभारला. तेथे धावपट्ट्या मोठ्या होत्या आणि जमीन पाण्याखाली जात नव्हती. युद्ध संपल्यावर मोठी नागरी विमाने तिकडे गेली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलची ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला रवाना झाली, तोवर शहराच्या हवाई व्यवहाराचे केंद्र जुहूहून हलले होते. आज सर्वांच्या तोंडी असलेल्या सहार, मरोळ, कोले-कल्याण या नावांची गावे तेथे होती, त्यांच्या वाड्या होत्या, भातशेती होती. या परिसराने शहराचा विमानतळ व्हावे की नाही, याची चर्चा नगरपालिकेत झाली नाही आणि विधिमंडळातही झाली नाही. युद्धाच्या गरजेने जागा ठरली आणि शांततेच्या काळाने ती तशीच स्वीकारली. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या इतिहासातील हे पहिले स्थित्यंतर. जनतेला न विचारता झालेले ते पहिलेच, शेवटचे मात्र नव्हे.

जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ एकमेकांच्या इतके जवळ आहेत की वैमानिकांचीही फसगत झाली. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. ते तेथून परत उडविण्यास काही दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली. ते धावपट्टी ओलांडून गेले आणि कायमचे निकामी झाले. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही.

त्याच १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १ ऑगस्टपासून आठ अंतर्गत कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स हे एक महामंडळ आणि परदेशी वाहतुकीसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल हे दुसरे, अशी रचना अमलात आली. राष्ट्रीयीकरणाचा अर्थ त्या काळी विमानांपुरता घेतला गेला. टाटा अध्यक्षपदी राहिले आणि १९७८ पर्यंत होते. जनता सरकारने त्यांना त्या वर्षी दूर केले ते शहाणपणाचे होते असे म्हणणे कठीण आहे. परंतु विमानापेक्षा विमानतळ हीच अधिक टिकाऊ संपत्ती आहे, या मुद्द्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. विमान वीस-पंचवीस वर्षांत भंगारात जाते. विमानतळाची जमीन कधी जुनी होत नाही, शहर जसजसे वाढते तसतशी तिची किंमत वाढत जाते, आणि ही वाढ विमानतळ चालविणाऱ्याच्या कर्तबगारीतून आलेली नसते. ती शहरातील लाखो माणसांच्या श्रमातून येते. भूखंडाच्या या अनर्जित वाढीवर हक्क समाजाचा, ही गोष्ट समाजवादी अर्थविचाराने वारंवार मांडलेली आहे.

जुहूचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. मोठी विमाने गेली म्हणजे विमानतळ संपला अशी समजूत होते, आणि बिल्डरांच्या डोळ्यांना तर तो केव्हाच संपलेला दिसतो. प्रत्यक्षात जुहूला दुसरे आयुष्य मिळाले ते तेलामुळे. १९७४ साली मुंबईच्या समुद्रात तेल सापडले. समुद्रातील तेलफलाटांवर कामगार व सामान पोहोचविण्यासाठी हेलिकॉप्टरे लागली. १९८५ साली ‘पवन हंस’ ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली आणि जुहू हा तिचा मोठा तळ बनला. श्रीमंतांची खासगी हेलिकॉप्टरेही तेथून उडतात, हे खरे. पण बॉम्बे हायवर पाळीसाठी जाणारा कामगार ज्या जागेवरून जातो ती जागा निरुपयोगी म्हणता येत नाही. पवन हंसमध्ये ५१ टक्के भांडवल केंद्र सरकारचे आणि ४९ टक्के तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचे. ही कंपनी विकण्याचे प्रयत्न एकामागून एक झाले. २०२२ साली एका खासगी गटाची २११ कोटी रुपयांची बोली मंजूर झाली. गटातील एका भागीदाराबद्दल आक्षेप निघाले आणि २०२३ साली तो व्यवहार रद्द करावा लागला. सार्वजनिक कंपनी विकताना खरेदीदाराची पूर्ण चौकशी मंजुरीनंतर सुरू व्हावी, हा आपल्या निर्गुंतवणुकीच्या शास्त्रातील एक नवीनच नियम दिसतो!

आता सांताक्रूझकडे वळू. १९७२ साली आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाची स्थापना झाली आणि मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास हे चार मोठे विमानतळ त्याच्याकडे आले. १९८१ साली सहारचे टर्मिनल सुरू झाले. १९९५ साली दोन प्राधिकरणांचे एकत्रीकरण होऊन आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. या रचनेत एक आर्थिक तत्त्व होते. मुंबई-दिल्लीचे विमानतळ नफा मिळवीत आणि त्यांच्या उत्पन्नातून देशातील तोट्यातले लहान विमानतळ चालत. मोठ्या शहराच्या वाढाव्यातून मागास भागाची सोय, असा हा व्यवहार होता. त्याचा गवगवा कधी झाला नाही.

मात्र २००६ पूर्वीचा विमानतळ आदर्श होता असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. दाटीवाटी होती, गैरसोय होती, निर्णय दिल्लीत अडकून पडत. सार्वजनिक क्षेत्राच्या समर्थकांनी या दोषांवर वेळीच बोलावयास हवे होते. त्यांनी ते पुरेसे केले नाही, म्हणून दुरुस्तीऐवजी हस्तांतर हाच उपाय आहे असे लोकांच्या गळी उतरविणे सोपे गेले. फेब्रुवारी २००६ च्या पहिल्या आठवड्यात विमानतळ प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी खासगीकरणाविरुद्ध देशभर संप केला. तो चार दिवस टिकला. पंतप्रधानांच्या आश्वासनानंतर तो मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी ३ मे रोजी मुंबई विमानतळ नव्या कंपनीच्या हवाली झाला. खासगी गटाचा वाटा ७४ टक्के, प्राधिकरणाचा २६ टक्के. एकूण उत्पन्नातील ३८.७ टक्के हिस्सा कंपनीने प्राधिकरणास द्यावयाचा, अशी बोली होती. मुदत ३० वर्षांची.

हा ३८.७ चा आकडा लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

नव्या टर्मिनलसाठी पैसा कोठून आला? सारा काही भागधारकांच्या खिशातून आला नाही. २००९ पासून अंतर्गत प्रवाशामागे १०० रुपये आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशामागे ६०० रुपये विकास शुल्क बसविण्यात आले. म्हणजे जे टर्मिनल २०१४ साली सुरू झाले त्याच्या बांधणीला प्रवाशांनी ते वापरण्यापूर्वीच हातभार लावला होता. विमानतळ ही नैसर्गिक मक्तेदारी असते. प्रवासी समोरच्या दुकानात जाऊ शकत नाही. म्हणून दर ठरविण्यास २००८ च्या कायद्याने एक नियामक प्राधिकरण निर्माण केले. त्याच्या पद्धतीप्रमाणे दुकाने, वाहनतळ, जाहिराती, मोकळ्या जागेचे भाडे यांतून येणाऱ्या उत्पन्नाचा फक्त ३० टक्के भाग विमानसेवेचे शुल्क कमी करण्यासाठी धरला जातो. बाकीचा धरला जात नाही. विमानतळाचा चालक विमानापेक्षा बाजारपेठेत अधिक रस का घेतो याचे उत्तर येथे आहे.

या काळात जमिनीवर काय घडत होते? विमानतळाचे क्षेत्र अठराशे एकरांहून अधिक. त्यातील सुमारे तीनशे एकरांवर झोपडपट्ट्या होत्या आणि त्यांत ८० हजारांवर कुटुंबे राहत होती. अतिक्रमण हा शब्द येथे सहज वापरला जातो. परंतु ही माणसे आली कोठून हे विचारले पाहिजे. सहारजवळच्या अण्णावाडीचे उदाहरण कॅथरीन बू यांच्या २०१२ सालच्या पुस्तकामुळे जगभर माहीत झाले. धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी तमिळनाडूतून आणलेल्या मजुरांनी १९९१ साली ती वस्ती वसविली. काम संपले, पण परत जाऊन करावयाचे काय? तेथील साप असलेल्या दलदलीत भराव घालून त्यांनी घरे बांधली. ज्यांनी विमानतळ दुरुस्त केला त्यांचे घर विमानतळाच्या हद्दीत अतिक्रमण ठरले. मजूर हवा, मजुराचे घर नको, हा शहरी भांडवलशाहीचा जुना हिशेब आहे.

या कुटुंबांच्या पुनर्वसनाचे काम एका खासगी विकासकाकडे सोपविण्यात आले. विकासकाला मोबदल्यात बांधकामाचे हक्क मिळावयाचे होते. कुर्ला-विद्याविहार भागात इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या, कंत्राट मोडले, आणि हजारो सदनिका कित्येक वर्षे रिकाम्या पडून राहिल्या. एका बाजूस रिकामी घरे, दुसऱ्या बाजूस नाल्याकाठच्या झोपड्या आणि मध्ये पात्रतेच्या तारखांचा वाद. बाजाराची कार्यक्षमता ज्यांना सदैव दिसते त्यांनी या इमारतींकडे एकदा पाहावयास हरकत नाही.

रोजगाराचेही तसेच. विमानतळ आता वर्षाला साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी हाताळतो. त्यातून काम वाढले, पण ते बहुतांशी कंत्राटी. जुलै २०२४ मध्ये कलिना येथे सामान चढविण्या-उतरविण्याच्या सुमारे २,२०० जागांसाठी भरती होती. त्यासाठी हजारो तरुण लोटले. जागा कायम नव्हत्या, मुदतीच्या होत्या. गर्दी इतकी झाली की अर्ज ठेवून घेऊन उमेदवारांना परत पाठवावे लागले. पदवीधर त्यांत होते.

जुलै २०२१ पर्यंत मुंबई विमानतळातील ७४ टक्के हिस्सा पहिल्या गटाकडून अदानी समूहाकडे गेला. त्याबरोबर नवी मुंबईच्या प्रकल्पातील ७४ टक्के हिस्साही गेला, कारण तो प्रकल्प मुंबई विमानतळ चालविणाऱ्या कंपनीनेच घेतलेला होता. नव्या विमानतळाची बोली २०१७ साली उघडली तेव्हा उत्पन्नातील १२.६० टक्के हिस्सा देण्याची बोली सर्वांत वरची ठरली होती. तेथे दुसरा भागीदार सिडको आहे, विमानतळ प्राधिकरण नव्हे.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जुन्या विमानतळावर कंपनीच्या प्रत्येक शंभर रुपयांच्या उत्पन्नातून ३८ रुपये ७० पैसे केंद्रीय प्राधिकरणास जातात. नव्या विमानतळावरील बोली १२ रुपये ६० पैशांची, आणि तीही सिडकोला. नव्या विमानतळाची बांधणी मुळापासून करावी लागली, तिचा खर्च मोठा, तेव्हा टक्केवारीची सरळ तुलना न्याय्य नाही, असे कोणी म्हणेल. ते बरोबर आहे. पण मुद्दा तुलनेचा नाही, प्रेरणेचा आहे. दोन्ही विमानतळांचा चालक एकच असताना कोणते उड्डाण कोठे न्यावे यात त्याचा हितसंबंध गुंततो. जुन्या विमानतळावरून उड्डाण हलले की त्या उत्पन्नातील केंद्रीय प्राधिकरणाचा वाटा, ज्यातून लहान विमानतळांना आधार मिळतो, आटतो. नवा विमानतळ येईल तेव्हा दोहोंत स्पर्धा होऊन प्रवाशाचा लाभ होईल असे वर्षानुवर्षे सांगण्यात येत होते. स्पर्धा दोन धावपट्ट्यांत होत नसते, दोन मालकांत होते. येथे मालक एक आहे. सांताक्रूझचे जुने १ क्रमांकाचे टर्मिनल पाडून नवे बांधण्याची योजना जाहीर झालेली आहे. ते काम चालू असता तेथील प्रवासी कोठे जातील, किती काळ जातील आणि परत येतील काय, हे प्रश्न केवळ अभियंत्यांचे नाहीत.

नवी मुंबईच्या जागेचा इतिहासही विसरता येत नाही. ११६० हेक्टरांच्या त्या प्रकल्पासाठी उलव्याची टेकडी फोडली, नदीचे पात्र वळविले, दहा गावे उठविली. त्या भागातील शेतकऱ्यांना विकसित जमिनीतील वाटा मिळाला तो कोणाच्या औदार्याने नव्हे. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. विमानतळग्रस्तांना तो वाटा साडेबावीस टक्क्यांपर्यंत वाढवून मिळाला. विमानतळास त्यांचे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाने २०२२ साली केला. नावाचा आग्रह योग्यच आहे. पण दि. बां.नी लढून मिळविले ते नाव नव्हते, जमिनीच्या वाढत्या किमतीतील वाटा होता. सांताक्रूझ परिसरातील मूळ गावकऱ्यांना आणि झोपडीवासीयांना अशा वाट्याची भाषाही कोणी ऐकविली नाही.

जुन्या विमानतळाविषयी लोकांना विचारणे ही काही अव्यवहार्य कल्पना नव्हे. बर्लिन शहराचे टेंपलहोफ हे त्याचे उदाहरण. १९४८-४९ च्या नाकेबंदीत ज्या विमानतळावरून पश्चिम बर्लिनला अन्न आणि कोळसा पोहोचला तो हाच. ३० ऑक्टोबर २००८ रोजी तो बंद झाला. बंद करण्यापूर्वी त्यावर सार्वमत झाले होते, ते पुरेशा मतांअभावी निष्फळ ठरले. पुढे त्या सुमारे तीनशे हेक्टर मोकळ्या मैदानाच्या कडेने घरे व कार्यालये बांधण्याची योजना शहर सरकारने आणली. २५ मे २०१४ रोजी पुन्हा मतदान झाले आणि सुमारे ६४ टक्के मतदारांनी मैदान संपूर्ण मोकळे ठेवण्याचा कौल दिला. हा कौल सर्वस्वी बरोबर होता काय, याविषयी शंका घेता येईल. बर्लिनमध्ये घरभाडी भडकलेली आहेत आणि तेथील कामगारवर्गाला घरांची गरज आहे. मुंबईत असा प्रश्न आला तर उत्तर वेगळे असावे लागेल, कारण येथे त्या जमिनीवर माणसे आधीच राहत आहेत. परंतु बर्लिनमध्ये सरकारला हरविण्याची संधी नागरिकांना होती. मुंबईच्या नागरिकाला जुहू, सांताक्रूझ किंवा सहार यांपैकी कशाविषयीही एक चिठ्ठी टाकावयास आजवर मिळालेली नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून निघते. विमानतळाच्या हद्दीतील जमिनीचा सुमारे एक दशांश भाग व्यापारी विकासासाठी वापरण्याची मुभा २००६ च्या करारात आहे. त्यातील किती वापरला गेला, कोणास कोणत्या भाड्याने दिला गेला, याची माहिती माहितीच्या अधिकाराखाली विमानतळ प्राधिकरणाकडे मागता येते. रिकाम्या पुनर्वसन सदनिकांची वॉर्डवार यादी मागता येते. पात्रतेच्या तारखेमुळे वगळलेल्या कुटुंबांची नोंद जरीमरी, कुर्ला, विलेपार्ले येथील वस्त्यांत शाखांनी स्वतः करावी. उड्डाणे नवी मुंबईस हलविताना प्राधिकरणाच्या वाट्यात दरवर्षी किती घट होते, हे संसदेत विचारून घ्यावे. विमानतळ कामगारांच्या संघटनांनी दोन्ही विमानतळांवरील कंत्राटी कामगारांची एकत्र बांधणी केली पाहिजे, कारण मालकाने आपली बांधणी केव्हाच एकत्र केली आहे. जुहूच्या जागेविषयी विकासाच्या कल्पना अधूनमधून निघत असतात. तेथे पवन हंसचा तळ, फ्लाइंग क्लब आणि आसपासच्या वस्त्यांवरील उंचीचे निर्बंध या सर्वांचा एकत्र विचार पालिकेच्या सभागृहात व्हावा, अशी मागणी नगरसेवकांमार्फत करता येईल.

यासाठी वेळ आहे, पण तो अमर्याद नाही. २००६ चा करार २०३६ साली मुदतीस येतो. तो आणखी ३० वर्षांनी वाढविण्याचा पर्याय कंपनीच्या हाती त्याच करारात देऊन ठेवलेला आहे, आणि तो वापरला गेला तर पुढची तारीख २०६६ ही असेल.